लेकाच्या हातचं औषध

शेंडगेवस्ती, ता. माण
१६ जून

आत्या,

पाया पडतो. निकाल लागला. अण्णांनी तुला फोनवर सांगितलं नसेल, कारण निकाल लागल्यापासून ते फक्त मेंढरांशी बोलतायत. यंदाही नाही जमलं. गेल्या वर्षीपेक्षा मार्क वाढले, पण सरकारी कॉलेजला पुरणार नाहीत, आणि खाजगीचं नाव आपल्या घरात काढायचंच नाही.

पत्र लिहितोय याचं हसू येईल तुला. माझा मोबाईल अजून देव्हाऱ्यातच आहे. गेल्या वर्षी नीटला नंबर लागला नाही तेव्हा अण्णांनी तो फडक्यात बांधून बिरोबाच्या टाकाशेजारी ठेवला. "डाक्टर झालास की देवच परत दील," म्हणाले. आई रोज दिवा लावताना त्यालाही हळदकुंकू लावते. अण्णांचा फोन आहे, पण त्यांना कमी ऐकू येतं म्हणून तो कायम मोठ्यानं बोलतो, आणि मला जे सांगायचंय ते अंगणात मोठ्यानं सांगण्यासारखं नाही.

आत्या, मला परत बसायचं नाही. बारावीला एकदा बसलो, मग वर्षभर कराडजवळ मलकापूरला क्लासच्या होस्टेलवर राहून एकदा बसलो. रात्रंदिवस केलं. जेवढं माझ्यात होतं तेवढं निघालं. नर्सिंगला मुलंही घेतात. तुमच्या मिरजेतच कोर्स आहे, बारावीच्या मार्कांवर मला मिळेल. पण येत्या रविवारी अण्णा कौल लावणार आहेत, परत बसवायचं का नाही म्हणून. देवानं हो म्हटलं की मग माझं कोण ऐकणार?

दुसरी गोष्ट आईची. दहावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा पोराला कुठल्या लाइनीला घालायचं म्हणून अण्णांनी कौल लावला होता. देवानं डॉक्टरकीला उजवा दिला आणि आई तिथंच बोलून गेली, "माजा ल्योक डाक्टर हुईल तवर मी दुसऱ्या कुणाच्या हातचं औषद घेणार न्हाई." तू तिथंच होतीस. "वैनी, दाढ ठणकली म्हंजे कळंल," म्हणून तूच हसली होतीस. दाढ ठणकली, तिनं लवंग धरली. काटा मोडून पाय पिकला, तिनं बिब्बा लावला. तोवर गंमत होती. आता तिला दोन-तीन महिने खोकला आहे, संध्याकाळी अंग तापतं, आणि ती पाण्याबरोबर हळद गिळून झोपते. मी परत बसायचं म्हणजे आणखी एक वर्ष, आणि नंबर लागलाच तर पुढची पाच-सहा. तोवर तिनं काय करायचं?

अण्णा तुझं ऐकतात. दोन दिवसांसाठी तरी ये.

तुझा,
विश्वजित


मिरज
२२ जून

विशू,

तुजं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पयल्यांदा वाचून माजं डोस्कंच फिरलं.

नर्सिंग म्हणं. आरं, मी ह्या दवाखान्यात आया म्हणून येवढी वर्सं काढली. नर्सिंगची पोरं रोज बघते. कामाला वाघ हायती, मी नावं ठिवत न्हाई. पर डाक्टर वार्डात शिरला की समदी उभी ऱ्हात्यात, आन् डाक्टर कुणासाठी उभा ऱ्हात न्हाई. तुला उभं ऱ्हाणाऱ्यातला करायला तुज्या बापानं तुजं वझं वाहिलं न्हाई. मेंढरामागं फिरायच्या वयात तुला शाळंत बसीवला. आपल्या वस्तीवर तुजा चुलतभाऊ शिवतेज आजून मेंढरं कोंडायची वाघर पाठीवर घिऊन हिंडतोय, त्याला इचार बसायला मिळालं आसतं तर तो उठला आसता का.

आमच्या शमशाद सिस्टर रोज इचारत्यात, "मंगलबाई, भाच्याचं काय झालं?" मी त्यांना काय सांगू? मागल्या साली सांगितलं, थोडक्यात हुकलं. आवंदा काय, पोरगं दमलं म्हणून सांगू?

वैनीच्या खोकल्याचं म्हणशील, तर चुलीम्होरं बसणाऱ्या कुठल्या बाईला खोकला न्हाई ते दाव मला. ल्हानपणी शाळंत जायच्या टायमाला तुज्या पोटात दुखायचं. आता परीक्षेच्या टायमाला आईला खोकला आलाय. मी तुज्यापेक्षा चार पावसाळं जादा बघितल्यात, विशू. आईच्या पदराआड लपू नगंस.

सुट्टी न्हाई, येता यायचं न्हाई. आले आसते तरी तुज्या बाजूनं बोलले नसते. देव काय म्हंतो बघ आन् त्यो म्हणंल तसं कर.

मंगलआत्या


शेंडगेवस्ती
२ जुलै

आत्या,

तुझं पत्र मिळालं. राग आला नाही. तू म्हणतेस ते पोटदुखीचं खरं आहे, म्हणून जास्त लागलं.

कौल झाला. माळावरच्या देवळात सगळी वस्ती जमली होती. धनाजी पुजाऱ्यानं देवाला न्हाऊ घातलं, भंडारा उधळला, आणि ओल्या अंगावर दोन खांद्यांना कण्हेरीचं एकेक फूल लावलं. अण्णांनी डोकं टेकून विचारलं, "पोराला यंदा परत बसवू का? बसवायचा आसंल तर उजवी दे." मी मनात म्हणत होतो, डावं पडू दे. थोड्या वेळानं उजवीकडचं फूल घरंगळलं. चांगभलं झालं. अण्णांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला. आत्या, त्यांना एवढं खुश मी कधी बघितलं नव्हतं. मग मी काय बोलणार?

आईला मात्र देवळापर्यंत एका दमात येता आलं नाही. ती वाटेत बसत बसत आली, आणि कौल पडला तेव्हाही ती खालीच बसलेली होती, तोंडात पदराचा बोळा धरून. धोंडुबाई आता आपल्या वस्तीची आशाताई आहे. तिनं थुंकी तपासायला डबी आणून दिली होती, सरकारी, फुकट. आईनं ती रिकामीच परत केली. "माज्याकडं थुकायला काय सुदीक ऱ्हायलं न्हाई," म्हणाली आणि हसली. धोंडुबाईही हसली. मला हसू आलं नाही.

उद्या मलकापूरला होस्टेलवर जातोय. तिथंही मोबाईल काढून घेतात, तेव्हा पत्रच टाक. निघताना आईला म्हटलं, दवाखान्यात जाऊन ये. ती म्हणाली, "देवानं उजवी दिली न्हवं? म्हंजे त्याला ठावं हाय, मी तवर टिकते. तू अभ्यास कर. मला काय धाड भरलीया?"

विश्वजित


मिरज
१९ ऑगस्ट

विशू,

कराडला येणाऱ्या एका पेशंटच्या नातेवाइकाकडनं शेंगदाण्याचं लाडू धाडल्यात. एकटा खाऊ नगंस, खोलीतल्या पोरास्नीबी दे, पर तुला जादा ठेव. वाचताना भूक लय लागती म्हंत्यात.

मागल्या पत्रात मी जरा तोंड सोडलं. माजी जीभच आशी हाय, तुला ठावं हाय. तू गेलास हे चांगलं केलंस. शमशाद सिस्टरास्नी सांगितलं, देवानं कौल दिलाय. त्या म्हणाल्या, "अल्ला पण देईल, मंगलबाई, पण पोराला झोपू द्या जरा." तवा झोपत जा.

तुज्या आईचं मी डोक्यातनं काढलेलं न्हाई. आमच्या डाक्टरास्नी सहज इचारलं, संध्याकाळचा ताप आन् खोकला. त्ये म्हणालं, घिऊन या, छातीचा फोटो काढू. मग मी दादाला फोन लावला. दादा म्हणाला, "ती म्होरंच बसलीया, तिलाच इचार." वैनी बोलली. आवाज ठणठणीत. "मंगल, मला काय झालंया? तुज्या भाच्याची काळजी कर," म्हणाली. मागं मेंढरं वरडत हुती, मधी मधी ती बोलायची थांबायची, पर त्ये रेंजचं आसंल. माळावर रेंज कुठं नीट मिळती.

तवा घोर करू नगंस. घोर घिऊन वाचलेलं डोक्यात ऱ्हात न्हाई.

मंगलआत्या


मलकापूर
१० ऑक्टोबर

आत्या,

ते रेंजचं नव्हतं. ती खोकायची थांबत होती.

घटस्थापनेला घरी गेलो होतो. आईची चोळी अंगावर लोंबते. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात, म्हणून तिनं त्यांना दोरा गुंडाळलाय. ती माझ्यापासून लांब बसते, माझ्या ताटाला हात लावत नाही, माझं अंथरूण बाहेर टाकते. मला वाटलं रागावली. मग विहिरीवर गेलो तर ती एक फडकं दगडावर धरून चोळत होती. मला बघून तिनं ते मुठीत घेतलं. मी मूठ उघडली. रक्त होतं.

म्हणजे तिला कळतंय, आत्या. मला लागू नये म्हणून लांब बसते इतकं कळतंय. मी अण्णांकडं गेलो. अण्णा म्हणाले, "मी काय आंधळा हाय व्हय? धा डाव म्हणलो चल. ती म्हंती, नवस मोडला तर पोराचं मोडंल. आन् मी तिला बळंच न्हेलं आन् मोडलं, तर तुला काय तोंड दाऊ?" एवढं बोलून ते वाघर घेऊन निघून गेले. ते घाबरलेत. अण्णांना घाबरलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

धोंडुबाई म्हणते, हा टीबीच असणार, गोळ्या सरकारी आहेत, घरपोच आणून देते, वेळेत घेतल्या तर माणूस नक्की बरं होतं. म्हणजे आईला मारायला दुखणं पुरेसं नाही. त्याला माझी परीक्षा लागते.

माझ्या खोलीत साईराज आहे, कराडचाच. तो रात्री मला उठवून विचारतो, "गड्या, पान कवापासून उलटलं न्हाईस?" मी पुस्तक उघडतो आणि हिशोब करतो की नंबर लागून, शिकून, मी सुई हातात घेईपर्यंत ती असेल का. नसेल. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

आता मला एकच दिसतं. मी डॉक्टर होणारच नाही म्हटलं तर तिला वाट बघायला काही उरणार नाही. मग ती औषध घेईल. बरोबर आहे का माझं? तू एकदा जाऊन तिला डोळ्यांनी बघ आणि मग मला सांग. यावेळी लपतोय का, तेही सांग.

विश्वजित


मिरज
२४ ऑक्टोबर

विशू,

जाऊन आले. तू लपत न्हाईस. तवा लपत न्हवतास, मीच आंधळी झाले हुते. रोज आसली माणसं उचलून खाटंवर ठिवणारी मी, आन् घरातलं माणूस फोनवर वळखलं न्हाई.

वैनी दारात बसली हुती. मला बघून उठाया गेली आन् पुन्ना बसली. मी म्हणलं, "चल, आत्ता उठ, येष्टी धरू." ती म्हणाली, "मंगल, तू आलीस, बरं झालं, भाकरी टाक." मी भाकरी टाकली. तिनं चतकोर खाल्ली. मग मी रागवून बघितलं, रडून बघितलं, तिचं पाय धरून बघितलं. ती आपली एकच म्हंती, "माज्या लेकाला दोन डाव देवानं मागं सारला. का सारला? मीच कुठं तरी कमी पडली आसणार. आता दम धरते. धा जणींच्या जल्माला पुरंल येवढा दम माज्यात हाय." आन् हे म्हणताना तिला दम लागला हुता.

मी म्हणलं, मग विशूच्या हातनं आत्ताच घे की गोळी, देव काय त्याचा दाखला बघतो का? ती म्हणाली, "देवाला फशिवलेलं देवाला कळतंया."

आता माजं ऐक. तू म्हंतोस तसं तोंडावर सांगू नगंस, की मी डाक्टर हुणार न्हाई. ती त्या धसक्यानंच जाईल. त्यापरीस दिवाळीला पेढं घिऊन जा. म्हण, शेवटच्या यादीत नंबर लागला, मिरजंतच लागला, आजपास्नं मी डाक्टरकीला गेलो. तापाच्या चार गोळ्या धोंडुबाईकडनं घे आन् आपल्या हातानं दे. मग हितं आण, म्होरलं मी बघते. पाप लागंल ते माज्या नावावर लाव. आन् अभ्यास सोडू नगंस. उन्हाळ्यात परीक्षा दे, नंबर काड, म्हंजे खोटं बोललेलं आपसूक खरं हुईल. दोनीबी जमतंय, डोकं थंड ठेव.

मंगलआत्या


कराड
१५ नोव्हेंबर

आत्या,

तुझ्यापर्यंत सगळं पोचलंच असेल, कारण आई आता तुझ्याजवळ आहे. पण काय झालं ते माझ्याकडून ऐक. अण्णा सांगायचे नाहीत आणि आई तर नाहीच.

तू सांगितलंस तसं मी दहिवडीला उतरून पेढे घेतले. गोळ्या धोंडुबाईकडून घेऊन खिशात ठेवल्या. दुपारची वेळ, आई अंगणात गोधडीवर पडली होती. मी म्हटलं, "आई, नंबर लागला. मिरजेला." एवढंच म्हटलं. आत्या, ती उठून बसली. मग उभी राहिली. कुणाचा हात न धरता उभी राहिली. तिनं घरात जाऊन ठेवणीतलं लुगडं काढलं, वेणीफणी केली, आणि शिवतेजला माळावर पळवलं, अण्णांना बोलवायला. मी पेढा तिच्या हातावर ठेवला तर म्हणाली, "आदी देवाला."

मला हाताला धरून तिनं देव्हाऱ्यापुढं उभं केलं. माझा मोबाईल तिथंच, हळदीनं पिवळा झालेला. ती म्हणाली, "तुज्या तोंडानं सांग त्याला. त्यानं येवढी वाट बघितली. सांग, मी डाक्टर झालो. मग आण तुजं औषद, कडू आसंल तरी आण."

मला बोलता आलं नाही. तू म्हणशील, तीनच शब्द होते. खरंय. पण ती हात जोडून, डोळे मिटून माझ्या बोलण्याची वाट बघत होती, आणि तिचा चेहरा असा होता की मला वाटलं, हे खोटं मी आज बोललो तर रोज बोलावं लागेल, आणि ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवशी ती गोळ्या थुंकून टाकेल. मी म्हटलं, "आई, खोटं आहे. नंबर लागला नाही. मी परत परीक्षेला बसणारही नाही. मी डॉक्टर होणार नाही. तुझा नवस आता माझ्याकडून सुटला."

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. देवापुढं ठेवलेला पेढा तिनं परत खोक्यात ठेवला, खोकं नीट बंद केलं, आणि खाली बसून म्हणाली, "मग मी येवढं दुखणं कशापायी काढलं रं?"



अण्णा आले तेव्हा मी त्यांनाही सांगितलं. ते मारतील म्हणून मी उभा होतो. मारलं नाही. "तुज्या आईला तू मारलंस आसं मी म्हणणार न्हाई," ते म्हणाले. "पर आता घरात ऱ्हाऊ नगंस." मी निघताना ते आईला म्हणत होते, "ऐकलंस न्हवं? सुटला नवस. आता कुणाच्याबी हातचं घे." दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन मिरजेला निघाले, हे मला धोंडुबाईकडून कळलं.

होस्टेल सोडलं. साईराजच्या मामांचं कराडला औषधांचं दुकान आहे, तिथं माल लावायचं काम धरलंय. राहायला वरती जागा आहे. पाकिटावरच्या पत्त्यावर लिही. ती कशी आहे, खाते का, काही बोलते का, सगळं लिही. मी कधी येऊ तेही सांग.

विश्वजित


मिरज
८ डिसेंबर

विशू,

पत्राला येळ लागला, कारण काय लिवायचं ते सुदरत न्हवतं.

आदी जीवाचं सांगते. जीवाला धोका न्हाई आता. डाव्या बाजूचं फुप्फुस बरंच खराब झालंया. छातीतलं पाणी काडलं. डाक्टर म्हणालं, सा म्हैनं आदी आणली आसती तर येवढं झालं नसतं, आता जगंल, पर माळ चढणं, मेंढरामागं जाणं इसरा. दादा मान खाली घालून ऐकत हुता. बाहीर आल्यावर म्हणाला, "मंगल, कौल मी पोराचा लावला. तिचा लावायचं माज्या ध्यानातच आलं न्हाई." त्यानं तुजा मोबाईल आणलाय, फडक्यासकट. माज्याजवळ दिलाय. चालू हुत न्हाई, फुगलाय पाठीत.

वैनी गोळ्या घेती. शमशाद सिस्टर देत्यात, त्यांची सुट्टी आसली की दुसरी देती, कवा मी देते. कुणाच्याबी हातची घेती. कुणाकडं बघत न्हाई, हात म्होरं करती आन् गिळती. पयलं आट-दहा दीस भिताडाकडं तोंड करूनच पडून हुती. माज्याशीबी बोलली न्हाई. जेवणाचं ताट तसंच माघारी जायचं. मला वाटलं, औषदानं वाचली तर वाचली, पर ही आता बाई म्हणून उठत न्हाई.

मग शेजारच्या खाटंवर जतची एक म्हातारी आली, लय बोलकी. तिनं एका दुपारी इचारलं, "बाई, पोरंबाळं काय हायती का न्हाई? कोण बघायला येत न्हाई." मी तितंच फरशी पुशीत हुते. माजा हात थांबला. वैनीनं कूस बदलली आन् म्हणाली, "हाय की. एकच हाय. डाक्टर हाय. लय लांब आसतोय, त्याला सुट्टी घावत न्हाई."

विशू, तवापास्नं ती उठून बसाया लागली. बायका तिच्या खाटंभवती येत्यात. लेक कशाचा डाक्टर, किती शिकला, कुठं आसतो. ती समदं सांगती. तू ल्हानपणी कोकराला पट्टी बांधली हुतीस ते सांगती. त्या बोलण्याच्या नादात ताट पुसून जेवती. परवा दादा फळं घिऊन आलता तर त्या म्हातारीनं त्यालाच इचारलं, "डाक्टरचं वडील का तुमी?" दादा माज्याकडं बघाया लागला. मग म्हणाला, "व्हय." बिरोबाम्होरं कवा खोटं न बोलल्याला माणूस. म्हणाला आन् बाहीर जाऊन बाकड्यावर बसला.

म्हणून तू येऊ नगंस. कसं लिवू तुला हे? तू आलास तर म्हातारी इचारणार, ह्यो कोण? आन् वैनी तुला वळख दील का न्हाई, मला सांगता येत न्हाई. मला भ्या वाटतंय, ती देणार न्हाई. तुला ते सोसायचं न्हाई आन् मला बघवायचं न्हाई. तुजं काय चुकलं न्हाई, हे मी लिवून देते. तू बोलला नसतास तर ती आज मातीत आसती. पर तुज्या आईला आजून तसं वाटत न्हाई.

आन् एक. परीक्षेचं फारम निघाल्यावर भर, येवढं माजं ऐक. एक डाव, शेवटचा. नंबर लागला तर तिनं सांगितलेलं खरं हुईल. मग तू दारातनं ताठ मानंनं आत येशील. मी म्हातारीला सांगीन, हाच तो डाक्टर.

मंगलआत्या


कराड
१२ डिसेंबर

आत्या,

तुझं पत्र दुकानात उभ्यानंच वाचलं. ती जेवते हे वाचून मी बाकीचं खूप वेळ वाचलंच नाही.

फॉर्म भरणार नाही. तू रागावशील, पण नीट बघ. मी भरला की अण्णा तिला सांगणार, अण्णांच्या पोटात राहणार नाही. मग ती परत वाट बघायला लागेल, आणि वाट बघायला लागली की ती औषध सोडते. आपल्या घरात हे एकदा झालंय. तिला डॉक्टर मुलगा हवा असेल तर तो तिच्याजवळ आहे, लांब असतो, त्याला सुट्टी मिळत नाही. तो असू दे. तो मी नाही, आणि त्याच्या जागेवर मला बसायचं नाही. पुढच्या वर्षी नर्सिंगला जाईन. तोवर इथं गोळ्यांची नावं तरी पाठ होतायत.

रडलो. तुझ्यापासून काय लपवायचं. मी तिला वाचवलं आणि ती मला वगळून जगतेय, हे मनाला कळतं, गळ्याखाली उतरत नाही.

पण मी येणार आहे, आत्या. रविवारी सकाळी. तिचा मुलगा म्हणून नाही येत. म्हातारीनं विचारलं तर सांग, माझा भाचा आहे, कराडला दुकानात कामाला असतो, मला डबा द्यायला आलाय. यातलं काहीच खोटं नाही. त्या वॉर्डात सगळ्यांच्या तोंडाला मास्क असतो, मीही लावीन. तिला मला ओळखायचं नसेल तर तेवढं सोपं जाईल.

शमशाद सिस्टरना माझ्यासाठी एवढं विचार, की त्या दिवशीच्या गोळ्या मला देऊ देतील का. मी बोलणार नाही, थांबणारही नाही. पाण्याचा पेला आणि गोळ्या पुढं धरीन.

कुणाच्याही हातची घेते, असं तूच लिहिलंस. मग माझ्याही हातची घेईल.

विश्वजित